वारा अडवायला झाडं लावताय? मग भिंत करू नका
शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर, म्हणजे पुण्याच्या पूर्वेकडचा सगळा पर्जन्यछायेचा पट्टा, इथे मे ते ऑगस्ट पश्चिमेकडून असला वारा सुटतो की पाऊस नाही आणि वरून जमिनीतली ओल पण उडून जाते, केळीच्या पानांच्या तर नुसत्या चिंध्या होतात. त्यामुळे पश्चिम आणि नैऋत्य बांधावर झाडांची रांग पाहिजेच पाहिजे. पण एकदम गच्च नको! वारा पूर्ण अडला की वरून उडी मारून पलीकडे भोवरा करतो आणि तिथलंच पीक आडवं पाडतो, म्हणून साधारण अर्धा वारा गाळून जाईल एवढी फट ठेवा.

झाडाच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत चांगला आडोसा मिळतो, म्हणजे 5 मीटरचं झाड असेल तर जवळपास 50 मीटर. बाहेरच्या रांगेत सुरूची झाडं किंवा करंज, आतल्या बाजूला शेवरी नाहीतर गिरिपुष्प, आणि दोन्ही रांगांतली झाडं एकाआड एक लावा, समोरासमोर नको. शेवरी भराभर वाढते, शेळ्यांना पाला पण होतो.

मधे एखादं झाड मेलं तर लगेच नवीन लावा हं, कारण त्या खिंडीतून वारा उलट जास्त जोरात घुसतो. मुळं पिकाचं पाणी ओढतात, त्यासाठी रांग आणि पीक यांच्यामधे दोनेक फूट खोल चर मारा. लागवड पहिला चांगला पाऊस झाला की लगेच, आणि पहिले दोन उन्हाळे पाणी द्याच, शिवाय गुरं-शेळ्यांपासून वाचवायला बाभळीच्या काटेरी फांद्या भोवती लावा.