देव्हारा मांडताना

गोव्यातल्या जुन्या घरांत देवाला वेगळी खोली असे आणि राजांगणात तुळशीवृंदावन. फ्लॅटमध्ये त्या दोहोंची सोय भिंतीवरची फळी आणि बाल्कनीतली कुंडी यांवर भागवावी लागते. त्यामुळे देव किती ठेवायचे हे आधी ठरवावे. ज्यांना रोज स्नान घालून पुसता येईल तेवढेच ठेवावेत, कारण भेट म्हणून आलेल्या मूर्तींनी दाटलेल्या देव्हाऱ्यात पूजा नुसती उरकली जाते. पंचायतनात गणपती, शिव, विष्णू, देवी आणि सूर्य असतात; मुख्य उपास्य मधोमध आणि बाकीचे चार कोपऱ्यांत. विष्णूसाठी गंडकीतला शाळिग्राम व शिवासाठी नर्मदेतला बाण, म्हणजे लिंगाच्या आकाराचा गोटा, ठेवला, तर पाचही देव लहानशा ताम्हणात मावतात. दिवंगतांच्या तसबिरी मात्र देवांत न मांडता दुसऱ्या भिंतीवर लावण्याची रीत आहे.

घर बदलताना देव हलवावेत की नाही, ही शंका हमखास निघते. सोळाव्या शतकात कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्याला नेली गेली, हे आठवले की ती धास्ती राहू नये.

पूजेला पूर्वेकडे तोंड करून बसण्याचा प्रघात आहे. पण पूर्वेची भिंत पावसाळ्यात ओल धरत असेल, तर माझ्या मते दिशेचा आग्रह सोडावा. तसबिरी भिंतीपासून बोटभर पुढे ठेवाव्यात, म्हणजे मागून हवा खेळेल आणि बुरशी धरणार नाही. समईच्या ज्योतीवर फळी येऊ देऊ नये. पितळेची उपकरणी चिंचेने किंवा आमसुलाने घासून लगेच कोरडी करावीत, नाहीतर गोव्याच्या दमट हवेत ती लवकर काळवंडतात.

ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे संध्याकाळी तेर्साला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, सारे कुटुंब आल्ताराभोवती, म्हणजे घरातल्या वेदीभोवती, जमते. देव्हाऱ्यापुढेही निदान चार माणसांना बसता येईल एवढी जागा राखावी. वैयक्तिक पूजास्थान तर कायमचे असण्याचीही गरज नसते. विजयादशमीला पाटावर हत्यारे, वह्या किंवा घुमट हे वाद्य मांडून पूजा होते आणि नंतर तीच वस्तू पुन्हा कामाला लागते.

तुळशीच्या कुंडीला खाली भोक आणि वर भरपूर ऊन हवे, म्हणजे कार्तिक शुद्ध द्वादशीला, व्हडल्या दिवाळीला म्हणजे तुळशीच्या लग्नाला, तिच्या शेजारी दिंडा या झुडपाची काठी आणि ऊस रोवून वर आवळे-चिंचा बांधता येतात. निर्माल्यातला दोरा व प्लास्टिक काढून फुले दुसऱ्या कुंडीत कुजवावीत.