जमिनीवर उभा, तरी अल्टिमीटर ३०० फूट दाखवतो: माझा अनुभव

कॅलिफोर्नियातलं पेरिस, समुद्रसपाटीपासून साधारण १४०० फूट उंच. स्कायडायव्हिंगला, म्हणजे विमानातून पॅराशूट घेऊन उड्या मारायला, सॅन दिएगोहून गाडीने पोचलो. जमिनीपासूनची उंची दाखवणारा डिजिटल अल्टिमीटर घरीच चालू केला होता. चालू करतो तिथली जमीन तो शून्य धरतो, म्हणून इथे आकडा अर्थातच भलताच. बंद-चालू केला, तर आकडा ३०० वर येऊन अडकला. बॅटरी बदलली, तरी ३००च. त्या पायी दोन उड्या हुकल्या, चिडचिड झाली ती वेगळीच.

घोळ ऑफसेटचा होता. उड्डाणाची आणि उतरायची जागा वेगवेगळ्या उंचीवर असली की त्या उंचींतला फरक यंत्रात भरून ठेवतात, तोच ऑफसेट. आधीच्या ठिकाणी भरलेला मी पुसलाच नव्हता, आणि बॅटरी काढली तरी तो मेमरीत राहतो.

मग असं केलं: मेनूत एकक फूटच आहे ना, ते पाहिलं. ऑफसेट ० करून सेव्ह केला. यंत्र पूर्ण बंद केलं. उतरायच्या मैदानात जाऊन पुन्हा चालू केलं आणि ० दिसेपर्यंत हललो नाही.

विमानात चढल्यावर शून्य करायच्या भानगडीत पडू नका. वर जाताना शेजाऱ्याच्या काट्याच्या अल्टिमीटरशी आकडा ताडून पाहा. पायलटच्या मीटरशी नको, तो समुद्रसपाटीपासून मोजत असतो, म्हणजे इथे १४०० फूट जास्त.