गोदाघाटाची शंभर वर्षांपूर्वीची चित्रकार्डं : ओळखावीत कशी, जमवावीत कशी

जुन्या चित्र-पोस्टकार्डाला तीन तारखा असतात. फोटो काढला ती, कार्ड छापलं ती आणि ते पोस्टाच्या पेटीत पडलं ती. नाशिकच्या रामकुंडाचा फोटो १८९५ च्या सुमाराचा, छपाई १९०८ ची आणि शिक्का १९१३ चा, असं सहज असू शकतं. छापखानेवाले एकच निगेटिव्ह वर्षानुवर्षं वापरत आणि दुकानदार जुना माल संपेपर्यंत विकत. विकणारा ‘हे १९१० चं कार्ड आहे’ म्हणाला, की यातली कोणती तारीख तो सांगतोय हे आधी विचारावं. बहुतेक वेळा ती शिक्क्याची असते, आणि शिक्का फक्त एवढंच सांगतो की कार्ड त्यानंतरचं नाही.

हत्यारं थोडीच लागतात. दहापट मोठं दाखवणारं घड्याळजीचं भिंग, मिलिमीटरची पट्टी, ३६५ नॅनोमीटरची यूव्ही (अतिनील किरणांची) टॉर्च आणि एक साधी बॅटरी. बॅटरीचा उजेड कार्डावर आडवा टाकला की दुमड, खरवड, दाबून सरळ केलेला कोपरा असं सगळं उघडं पडतं. समोरून पाहिलं तर यातलं काहीच दिसत नाही.

आधी कार्ड उलटं करा

नवखा माणूस चित्र पाहतो, जाणकार पाठ पाहतो. सुरुवातीच्या कार्डांची अख्खी पाठ पत्त्यासाठी राखलेली असे आणि मजकूर चित्राच्या बाजूला, कडेच्या कोऱ्या पट्टीत लिहावा लागे. म्हणून चित्राखाली किंवा शेजारी पांढरी जागा सोडलेली आणि पाठीवर मधली रेघ नाही, असं कार्ड दिसलं तर ते साधारण १९०० च्या आगेमागे छापलेलं असतं. ब्रिटनने पाठीचे दोन भाग (एकात मजकूर, दुसऱ्यात पत्ता) करायला १९०२ मध्ये परवानगी दिली, जर्मनीने १९०५ मध्ये, अमेरिकेने १ मार्च १९०७ पासून. भारतात विकली जाणारी पुष्कळ कार्डं युरोपात छापून येत, त्यामुळे या तारखा आपल्याकडेही कामाला येतात. फक्त दोन-चार वर्षांची ढील धरावी, कारण जुना साठा लगेच संपत नसे.

पाठीवरचं बारीक छापील अक्षर वाचा. जर्मनी, सॅक्सनी किंवा बव्हेरियात छापल्याचा उल्लेख असेल तर छपाई बहुधा ऑगस्ट १९१४ च्या आधीची असते. महायुद्ध सुरू झालं आणि तिकडून येणारा माल थांबला. लंडनच्या राफाएल टक कंपनीच्या कार्डावर चित्रफलक आणि रंगपाटीची खूण असते. त्यांची ‘ऑइलेट’ नावाची तैलचित्रासारखी दिसणारी मालिका १९०३ पासूनची. टकच्या कार्डांचे पूर्ण हिशेब मिळत नाहीत, कारण २९ डिसेंबर १९४० च्या बॉम्बवर्षावात त्यांची इमारत दफ्तरासकट जळाली. मुंबईची क्लिफ्टन आणि कंपनी, मुंबईचीच फोटोटाइप कंपनी, मळवलीचा रविवर्मा छापखाना, कलकत्त्याचे जॉन्स्टन आणि हॉफमन, दिल्लीचे मिर्झा, रंगूनचे अहुजा ही नावं पुन्हा पुन्हा भेटतील. एकाच प्रकाशकाची कार्डं शेजारी ठेवून अनुक्रमांक आणि अक्षरांचा टाइप जुळवत गेलं, की त्यांचा आगेमागचा क्रम लावता येतो. नुसत्या नावावरून साल ठरत नाही.

तिकीट शिल्लक असेल तर काम सोपं होतं. व्हिक्टोरियानंतर १९०२ पासून सातवा एडवर्ड, १९११ पासून पाचवा जॉर्ज, १९३७ पासून सहावा जॉर्ज. देशातल्या देशात पोस्टकार्डाला १९२२ पर्यंत पाव आणा, म्हणजे तीन पै लागत. त्यानंतर अर्धा आणा झाला. विलायतेला एक आणा. कार्डावर १९१० चा शिक्का, पत्ता पुण्याचा आणि तिकीट अर्ध्या आण्याचं असेल, तर थांबून विचार करा. पाठवणाऱ्याने जास्तीचं लावलं असेल, किंवा तिकीट नंतर कुणी चिकटवलं असेल. दुसरी शक्यता असेल तर शिक्क्याची रेघ तिकिटावरून कार्डावर सलग उतरत नाही, मध्येच तुटते.

नाशिकरोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ मध्ये उभा राहिला आणि १९२६ पासून देशाची तिकिटं इथे छापू लागली. त्याआधी ती लंडनच्या डी ला रू कडून येत. पाचव्या जॉर्जच्या लंडनच्या कागदात जलचिन्ह (कागदातच उमटवलेली फिकट खूण) म्हणून एका तिकिटामागे एकच तारा असतो, नाशिकच्या छपाईत अनेक तारे. मात्र ही खूण पाहायला तिकीट सोलावं लागतं, आणि तसं मुळीच करू नये. तिकीट सोललेलं कार्ड म्हणजे कान कापलेला घोडा. पुढे कुणी धड किंमत देत नाही.

मग भिंगातून चित्र

छपाईच्या चार पद्धती ओळखता आल्या की निम्मं काम झालं. ठिपके नियमित जाळीसारखे रांगेत असतील तर ती हाफटोन. ठिपक्यांऐवजी तडकलेल्या मातीसारखं बारीक, अनियमित दाणेदार पोत असेल तर कोलोटाइप. काचेवरच्या जिलेटिनच्या थरावरून ते छापत, आणि तो थर हजार-दोन हजार प्रतींत झिजत असे. त्यामुळे चांगली कोलोटाइप कार्डं मुळातच कमी, आणि पहिल्या-पहिल्या प्रती शेवटच्यांपेक्षा स्पष्ट. रंगीत लिथोग्राफीत मोकळे, वेडेवाकडे ठिपके आणि रंगांच्या सपाट थरांवर थर दिसतात. भिंगातही ठिपका दिसला नाही, सावली पाण्यासारखी सलग उतरत गेली, तर तो खरा फोटो, ब्रोमाइड कागदावर काढलेला. अशा कार्डाच्या काळ्या भागाच्या कडांना तिरप्या उजेडात निळसर चांदीची झाक दिसते. चांदी पृष्ठभागावर येते म्हणून असं होतं. हा दोष आहे, पण कार्ड अस्सल असल्याचा पुरावाही तोच.

खऱ्या फोटोकार्डाच्या पाठीवर तिकिटाच्या चौकोनात कागदाच्या कंपनीचं नाव असू शकतं. ‘अॅझो’ असेल तर कोपऱ्यांतले त्रिकोण पाहा. चारही वर टोक केलेले असले तर साधारण १९०४ ते १९१८, दोन वर नि दोन खाली असले तर १९१८ ते १९३०.

रंगीत कार्डांच्या रंगांवर भरवसा ठेवू नका. काळ्या-पांढऱ्या फोटोला परदेशातला कारागीर सूचना वाचून किंवा मनानेच रंग देत असे. त्याने गोदावरी कधी पाहिलेली नसे, म्हणून घाटावरच्या बाईचं लुगडं आणि साधूची छाटी वाटेल त्या रंगात येते. ‘तेव्हा इथे अशी फॅशन होती’ असा निष्कर्ष यावरून काढणाऱ्यांची कमी नाही.

नाशिकच्या चित्राची ओळख

कार्डाखालचा मजकूर चुकलेला असणं नेहमीचं. घाट, पायऱ्या, देवळं, न्हाणारी माणसं असं दिसलं की परदेशी छापखान्याने खुशाल काशीचं नाव टाकलेलं असतं, आणि उलटही. म्हणून जागा चित्रावरून पटवून घ्यावी. नारोशंकराच्या देवळाभोवती कोट आणि कोपऱ्यांवर घुमटाच्या छत्र्या आहेत. वसईच्या १७३९ च्या विजयानंतर आणलेली मोठी घंटा त्याच्या दर्शनी भिंतीवर आहे. काळाराम मंदिर काळ्या दगडाचं आणि भोवती ओवऱ्या. पांडवलेणी बहुतेक कार्डांवर नुसती ‘नासिकची लेणी’ म्हणून येतात, आणि त्यांना वेरूळ समजणारे विक्रेतेही भेटतात. त्र्यंबकेश्वर, गंगापूरचा धबधबा, थळ घाटातली रेल्वे, व्हिक्टोरिया पूल (आजचा अहिल्यादेवी होळकर पूल) हे विषयही नाशिकच्या पोतडीत धरावेत.

निगेटिव्ह उलटं लागून चित्र आरशासारखं छापलं गेलंय का, हे घाटाच्या चित्रात तपासता येतं. पंचवटी डाव्या तीरावर आहे. गावाच्या तीरावरून पंचवटीकडे तोंड करून पाहिलं तर प्रवाह डावीकडून उजवीकडे जातो, रामकुंड डाव्या हाताला राहतं आणि नारोशंकर त्याच्या उजवीकडे. कार्डात हे उलट दिसलं तर प्रकाशकाने घोटाळा केलाय. संग्रहात अशी चुकलेली कार्डंही ठेवावीत, फक्त नोंद करावी.

फोटोची तारीख ओळखायला बांधकामं उपयोगी पडतात. घाटावर गांधी स्मारक दिसलं की फोटो १९४८ नंतरचा. रस्त्यावर नाशिक-नाशिकरोड ट्राम दिसली तर १९३० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतचा, कारण नंतर ती बंदच झाली. इंग्रजी स्पेलिंगही पाहा. जुन्या कार्डांवर ‘नाशिक’ लिहिताना ‘शि’ साठी एच नसतो; एच असलेलं नाव आणि जुन्या धाटणीचं चित्र एकत्र आलं तर कार्ड नवीन पुनर्मुद्रण असण्याची शंका घ्यावी.

देवळालीची कार्डं वेगळी काढून ठेवा. तिथे गोऱ्या सैनिकांची छावणी होती आणि घरी जाणाऱ्या-येणाऱ्या पलटणी तिथे थांबत. त्यामुळे बराकी, तंबू, सैनिकी शिक्के आणि युद्धकाळात सेन्सॉरच्या खुणा मिळतात. मजकूर बहुधा हवा, डास आणि बोटीची वाट पाहणं एवढाच असतो. नाशिक शहरापेक्षा देवळालीचं कार्ड विलायतेतल्या घरांतून परत येण्याची शक्यता जास्त, कारण पाठवणारेच तिकडचे.

नक्कल कशी पकडायची

नेहमीच्या आकाराचं कार्ड सुमारे १४० बाय ९० मिलिमीटर. ब्रिटनमध्ये १८९९ च्या आधीची कार्डं आखूड, सुमारे ११५ बाय ८९. या दोन्हींत न बसणारी, एकाच बाजूने दोन-तीन मिलिमीटर कमी असलेली कार्डं बहुधा कुरतडलेली कड लपवण्यासाठी कापलेली असतात.

भिंगातून हाताचा मजकूर आणि शिक्का पाहा. खरी शाई कागदात मुरते, दौतीच्या टाकाचा दाब जाणवतो. अक्षरंच ठिपक्यांची बनलेली दिसली तर संपूर्ण कार्ड स्कॅन करून छापलेलं आहे. पिवळेपणाचे आणि बुरशीचे डागही ठिपक्यांतून छापलेले सापडतात. चहात बुडवून जुनं केलेलं कार्ड कडांना जास्त गडद होतं आणि पाठ-पोट दोन्हीकडे एकसारखं तपकिरी दिसतं. खऱ्या कार्डात उजेड लागलेली बाजू वेगळी पडते.

शेवटी अंधारात यूव्ही टॉर्च. कागद निळसर पांढरा झगमगला तर त्यात उजळपणा आणणारी रसायनं आहेत, आणि ती कागदात साधारण १९५० नंतर आली. उलटं मात्र खरं नाही. झगमगत नाही म्हणून जुनंच, असं ठरत नाही.

मिळतात कुठे, घ्यावीत कशी

गंगेवर, म्हणजे गोदाघाटावर, बुधवारचा बाजार भरतो तिथे कधीतरी जुन्या कागदांचं एखादं गाठोडं दिसतं, पण खरी आशा वाडे रिकामे होताना बाहेर पडणाऱ्या ट्रंका, फडताळं आणि रद्दीवाल्यांत. रद्दीवाल्याला आधीच सांगून ठेवावं की पोस्टकार्डं फाडू नका, तिकिटं कापू नका. मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार आणि नाणी-तिकिटांची प्रदर्शनं हे पुढचे टप्पे. लिलावात परदेशातून मागवणार असाल तर दोन्ही बाजूंचे, किमान ६०० डीपीआयचे फोटो मागा. पाठीचा फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून घेऊ नये.

किंमत करताना क्रम असा लावतो: विषय, छपाईची पद्धत, मग अवस्था. ताजमहालाचं निष्कलंक कार्ड स्वस्त पडतं, कारण ते खंडीभर छापलं गेलं. कोपरा गोल झालेलं पण नाशिकच्या रस्त्याचं, खऱ्या फोटोचं कार्ड महाग, आणि ते रास्त आहे. दुमड चित्राच्या मध्यातून गेली असेल तर किंमत निम्म्याहून खाली धरावी, कडेला असेल तर फार घसरत नाही. लिहिलेलं-पाठवलेलं कार्ड कोऱ्यापेक्षा वाईट नसतं. शिक्का स्पष्ट असेल तर उलट बरंच.

नाशिकच्या पावसाळ्यात जपणं

सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे पीव्हीसीचे मऊ, वास येणारे कव्हर आणि चिकट पानांचे अल्बम. पहिल्यातून निघणारं तेल कार्डाला चिकटतं, दुसऱ्यातून कार्ड सोलून काढावं लागतं. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची कव्हरं घ्या, आम्लरहित कागदाचा खोका घ्या आणि त्यात कार्डं उभी, फार दाटी न करता ठेवा. लॅमिनेशन, सेलोटेप, डिंक यांपैकी काहीही नको.

जून ते सप्टेंबर भिंती ओलावतात. कपाट बाहेरच्या भिंतीपासून हातभर दूर ठेवा आणि पावसाच्या दिवशी खोके उघडू नका. खोक्याच्या कोपऱ्यात सिलिका जेल कापडी पिशवीत ठेवा, कार्डाला टेकवू नका. निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास वाळवले की पुन्हा कामाला येतात. कडुलिंबाची पानं ओली असतील तर डाग पाडतात आणि डांबरगोळ्यांचा वास कार्डात कायमचा बसतो, म्हणून दोन्ही टाळावं. कसर लागल्याचं लक्षण म्हणजे पाठीवर खरवडल्यासारखे पातळ, बेढब डाग.

बुरशी दिसली तर ते कार्ड आधी इतरांपासून वेगळं करा, सावलीत वाळू द्या, मग मोकळ्या हवेत, तोंडाला मास्क लावून मऊ कुंचल्याने झटका. ओला बोळा फिरवू नका. खऱ्या फोटोचं जिलेटिन पाण्याने फुगतं आणि चित्रच बोटाला लागून येतं. जुन्या अल्बमचा काळा कागद पाठीला चिकटलेला असेल तर तसाच राहू द्या, सोलताना शिक्का जातो.

कार्डावर क्रमांक लिहू नये, कव्हरच्या कोपऱ्यात लिहावा. वहीत प्रत्येकाचा एक सारखा तक्ता ठेवा: क्रमांक, जागा, प्रकाशक, छपाई, पाठीचा प्रकार, तिकीट नि शिक्का, कुणाकडून आणि कितीला. तारखांचे तीन रकाने वेगळे करा, आणि अंदाज असेल तिथे आधाराचं कारण लिहा, उदाहरणार्थ ‘१९०५-१९१४, जर्मन छपाई, दुभंगलेली पाठ’. नुसतं ‘१९१० चं’ लिहून ठेवलं तर दहा वर्षांनी ते कशावरून ठरवलं हे तुमचं तुम्हालाच आठवत नाही.