खिडकीचं हँडल बदलताय? कोकणातल्या घरांत हमखास होणाऱ्या या चुका टाळा

माझ्या पाहण्यात कोकणातल्या खिडक्यांची हँडलं सगळ्यात जास्त तुटतात ती गणपतीच्या आधीच्या आठवड्यात. मुंबई-पुण्याची मंडळी मे महिन्यानंतर बंद असलेलं घर उघडतात. पावसाने लाकूड फुगलेलं असतं, कडीवर खाऱ्या हवेचा गंज चढलेला असतो, आणि कोंदट वासामुळे सगळ्यांना खिडक्या आत्ताच्या आत्ता उघडायच्या असतात. एक जोरदार हिसका बसतो आणि मूठ हातात येते. मग कोणीतरी बाजारात जाऊन दिसेल ते हँडल आणतं आणि जुन्याच भोकांत पिळून बसवतं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

तुटलेलं हँडल हे आजाराचं लक्षण आहे. आजार बहुतेक वेळा बिजागरीत, लाकडात, रुळात नाहीतर स्क्रूत असतो. तो शोधल्याशिवाय नवं हँडल आणू नका.

का तुटलं हे न बघता बाजार गाठणं

लाकडी झडप अर्धी उघडा, मोकळ्या बाजूचा खालचा कोपरा धरा आणि हलकेच वर उचलून बघा. झडप खालीवर हलली तर बिजागरी सैल आहे. झडप अशी खाली लोंबली की कडीचा दांडा चौकटीतल्या भोकाच्या खाली उतरतो. मग माणूस एका हाताने झडप उचलतो, दुसऱ्या हाताने कडी दाबतो, आणि सगळा भार त्या छोट्याशा पट्टीवर येतो. अशा खिडकीला कितीही भारी हँडल लावा, ते तुटणारच. आधी बिजागरीचे स्क्रू आवळा, ते धरत नसतील तर भोकं भरून पुन्हा बसवा. दांडा आपोआप भोकासमोर येतो आणि कित्येकदा नव्या हँडलची गरजच उरत नाही.

झडप कुठे घासते हे कळायला जाड कागद पुरतो. खिडकी लावून घ्या आणि झडप नि चौकट यांच्या फटीतून जुन्या लग्नपत्रिकेचा कागद सगळीकडून फिरवा. जिथे अडेल तिथे खडूची खूण करा.

यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या खिडक्यांना वेगळी परीक्षा आहे. खिडकी उघडी ठेवून हँडल फिरवून बघा. उघडी असताना छान फिरतं आणि लावल्यावरच जड जातं, तर पल्ला खाली बसलाय किंवा चौकटीवरची पकड सरकली आहे. उघडी असतानाही जड जात असेल तर हँडल काढून हातात घ्या आणि नुसतं फिरवा. हातात सहज फिरलं तर दोष पल्ल्याच्या आतल्या, हँडलने सरकणाऱ्या पट्टीत (गिअरमध्ये) आहे, ती साफ करायला किंवा बदलायला हवी. हातातही अडकलं, तर मात्र हँडल गेलं.

स्लायडिंगला बहुतेक वेळा वाळू नडते. समुद्राजवळच्या घरात खालच्या रुळात वाळू आणि मीठ साचून चिखल होतो, पाणी बाहेर जायची बारीक भोकं बुजतात, चाकं जाम होतात. पल्ला सरकत नाही म्हणून लोक लॉकची मूठ धरून ओढतात. ती ओढण्यासाठी केलेलीच नसते. रूळ गोड्या पाण्याने धुवा, भोकं काडीने मोकळी करा, चाकं बघा.

भर पावसात रंधा मारणं

जुलैमध्ये झडप बसत नाही म्हणून सुताराला बोलावून कड तासून घेतली, की फेब्रुवारीत त्याच जागी बोटभर फट दिसते. मग कडीचा दांडा भोकापर्यंत पोचत नाही, वाऱ्यावर झडप आपटत राहते आणि नवं हँडल खिळखिळं होतं. पावसाळ्यात फुगलेलं लाकूड उन्हाळ्यात परत आकसतं. तासायचं काम डिसेंबर ते मार्चमध्ये करा. त्या दिवसांतही जिथे कागद अडतो, तेवढीच जागा तासा आणि उघड्या पडलेल्या लाकडाला त्याच दिवशी प्रायमर आणि रंग लावा. झडपेची खालची कड नीट बघा. रंगारी ती नेहमी सोडून देतात, आणि पाणी तिथूनच आत शिरतं.

पावसात हँडल तुटलंच तर तात्पुरती सोय म्हणून वर एक आणि खाली एक साधी उभी कडी लावा. खिडकी नुसती सुतळीने बांधून ठेवू नका. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, 2021 च्या मे महिन्यात तौक्ते आपला सगळा किनारा घासून गेलं. अशा वाऱ्यात खिडकी उघडली की वारा आत भरतो आणि छपराला खालून उचलू पाहतो. कौलांच्या आणि पत्र्याच्या घरात खिडकी बंद राहणं ही छपराची गरज आहे.

फोटो दाखवून हँडल आणणं

दुकानात मोबाइलवरचा फोटो दाखवून आणलेलं हँडल बसलं तर नशीब. जुनं हँडल काढून सोबत न्या, तुटलेलं असलं तरी. दुकानदाराला "दादा, याच मापाचं द्या" एवढंच सांगावं लागतं.

लाकडी खिडकीसाठी दोन स्क्रूंच्या भोकांमधलं अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत, मिलिमीटरमध्ये मोजा. यूपीव्हीसीच्या बहुतेक हँडलांना हे अंतर 43 मिलिमीटर असतं आणि मागची चौकोनी दांडी 7 मिलिमीटरची. फसगत होते ती दांडीच्या लांबीत. आखूड दांडी आतल्या गिअरला जेमतेम धरते आणि काही दिवसांत आतली भोकं गोल करून टाकते, लांब दांडी आत टेकते आणि हँडलची पाटी पल्ल्याला चिकटतच नाही. पाटीमागे फट दिसली की लोक स्क्रू आणखी आवळतात आणि पाटी तडकते. डावं-उजवंही आधीच बघून घ्या. सरळ हँडल दोन्हीकडे चालतं, वाकडं नाही.

चुंबक लावून स्टील पारखणं

"चुंबक चिकटत नाही, म्हणजे चांगलं स्टील" हा समज आपल्याकडे फार पक्का आहे, आणि किनाऱ्यावर तोच सगळ्यात महागात पडतो. 202, 304 आणि 316 या तिन्ही जातींचं स्टील चुंबकाला फारसं धरत नाही. 202 मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं. ते आतल्या गावात ठीक चालेल, पण समुद्रासमोर पहिल्या पावसाळ्यातच त्यावर तांबूस ठिपके उमटू शकतात. 316 मध्ये 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे ते मिठाला जास्त टिकून राहतं. समुद्र दिसतो अशा खिडकीला शक्यतो 316 घ्या, खाडीपासून आत असाल तर 304 पुरेल. हँडलवर जातीचा छाप नसेल तर बिलावर जात लिहून मागा. जुन्या घरांतली पितळी कडी मात्र काढून फेकू नका. काळी पडलेली असली तरी आतून धड असते, चिंचेच्या कोळाने घासली की उजळते. झिजलेला असतो तो बहुधा तिचा लोखंडी स्क्रू.

हँडल एका धातूचं आणि स्क्रू दुसऱ्या धातूचा, ही त्याहून मोठी चूक. खारं पाणी मध्ये आलं की दोन धातूंमधला जो लवकर गंजणारा, तो खाल्ला जातो. अॅल्युमिनियमच्या खिडकीवर स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसते, ती नखाने खरवडली की खाली खड्डा असतो. ती भुकटी म्हणजे तुमची चौकट आहे. स्टीलच्या हँडलला अॅल्युमिनियमचे रिवेट मारले तर अजून वाईट, कारण एवढासा रिवेट एवढ्या मोठ्या हँडलसाठी झिजत राहतो आणि एके दिवशी हँडल रिवेटासकट सुटतं. पितळेला पितळेचे स्क्रू लावा, स्टीलला स्टीलचे. अॅल्युमिनियमवर स्टील लावणं भागच असेल तर मध्ये नायलॉनचा वॉशर घाला आणि स्क्रूच्या आट्यांना थोडं ग्रीस चोपडा.

गंजलेल्या स्क्रूशी मारामारी

इथे घाई करू नका. स्क्रूच्या खाचेतला रंग आणि गंज टोकदार खिळ्याने खरवडून काढा, गंज सोडवणारा स्प्रे मारा आणि रात्रभर तसंच सोडा. सकाळी खाचेत घट्ट बसेल असाच स्क्रूड्रायव्हर घ्या. आधी किंचित आवळायच्या दिशेला फिरवा. गंजाची पकड "कट्" करून सुटते, मग उलटा फिरवा. खाच गुळगुळीत झालीच असेल तर हॅक्सॉच्या पात्याने डोक्यावर नवी खाच पाडा. हातोडीने ठोकून काढायला गेलात तर लाकडाचा ढलपा निघतो आणि कामाची जागाच जाते.

जुन्याच सैल भोकात नवा स्क्रू

भोकात आगकाडी कोंबून स्क्रू पिळायचा, हा उपाय एक पावसाळा काढतो. आगकाडीचं लाकूड मऊ असतं, ओल लागली की कुजतं. सागवानाची बारीक खुंटी करा, ती पाण्याला टिकणाऱ्या गोंदात बुडवून भोकात ठोका, दिवसभर वाळू द्या आणि पृष्ठभागाशी सपाट कापा. त्यात स्क्रूपेक्षा बारीक ड्रिलने भोक पाडून मग स्क्रू बसवा. पितळी स्क्रू मऊ असतो, सागवानात जोर लावला की मान तुटते. म्हणून त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आधी एकदा घालून काढा आणि पितळी स्क्रूला मेण लावून बसवा. साबण लावू नका, तो ओल धरतो. शेवटचे फेरे हातानेच द्या, मशीनने नाही.

खोबरेल तेल आणि अॅसिड

घरात पहिला हात खोबरेल तेलाच्या बाटलीकडे जातो. ते तेल थंडीत गोठतं, नंतर चिकट होतं आणि त्यावर वाळू बसून घासपट्टीसारखं काम करते. गंज सोडवणारा स्प्रेही वंगण म्हणून टिकत नाही. तो पुसून घ्या आणि मग लोखंडी-पितळी कडीला थोडं ग्रीस, यूपीव्हीसीला सिलिकॉन स्प्रे लावा. न्हाणीघरात फरशीला अॅसिड टाकता तेव्हा खिडकी सताड उघडी ठेवा आणि नंतर हँडल पाण्याने धुवा. त्या वाफेने भारी स्टीलसुद्धा डागाळतं.

पावसाळा संपला की घरातली सगळी हँडलं एकदा गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा. पावसात मीठ धुऊन जातं, पण नंतरच्या कोरड्या महिन्यांत ते साचत जातं. म्हणून घर बंद करून निघण्याआधीही हेच करा आणि कड्यांना ग्रीसचा पातळ हात द्या. माडीवरच्या खिडकीचं हँडल बदलताना झडप आधी आतल्या गजाला दोरीने बांधा. स्क्रू सुटल्यावर वाऱ्याने झडप हिसकली, तर तिच्याबरोबर वाकलेला माणूसही बाहेर ओढला जाऊ शकतो.