सिंगापूर क्रूझवर पेनांगला उतरलात तर टॅक्सी न करता कसं फिरायचं

सिंगापूरहून सुटणाऱ्या तीन-चार रात्रींच्या क्रूझवर हल्ली पुण्या-मुंबईचे इतके लोक असतात की डेकवर चहा घेताना शेजारी हमखास मराठी कानावर पडतं. यातल्या बऱ्याच क्रूझ मलेशियातल्या पेनांग बेटावर काही तास थांबतात. जहाजावरची टूर माणशी हजारोंत जाते, गेटबाहेर टॅक्सीवाले चौघांचा भाव सांगतात, आणि मग निम्मी मंडळी "जाऊदे, जहाजावरच बसू" म्हणून बुफेकडे वळतात. असं करू नका, पेनांगला बस चांगली आहे आणि जहाज थेट शहरातच लागतं.

फक्त एक फरक डोक्यात पक्का ठेवा. जहाजाची टूर घेतली आणि उशीर झाला तर जहाज थांबतं, तुम्ही स्वतःहून गेलात तर नाही. म्हणून प्लॅन उलटा करायचा, परत चढायची शेवटची वेळ बघायची, त्यातून सरळ दीड तास वजा करायचा आणि त्या वेळेला जॉर्जटाऊनमध्ये (पेनांगचं मुख्य शहर), म्हणजे बंदरापासून चालत जाता येईल इतक्या जवळ असायचं. लांबचं आधी, जवळचं शेवटी. घड्याळाचीही एक गंमत आहे, सिंगापूर आणि मलेशियाची वेळ एकच पण थायलंडमधलं फुकेत एक तास मागे, तुमची क्रूझ दोन्हीकडे जाणारी असेल तर फोन आपोआप बदलेल आणि जहाजाचं घड्याळ बदलेलच असं नाही, त्यामुळे उतरायच्या आधी रिसेप्शनला विचारून घ्या की जहाजाची वेळ आणि पेनांगची वेळ एकच आहे ना.

घरूनच करायची दोन कामं. एक, ग्रॅब ॲप (आपल्या ओला-उबरसारखं) टाकून कार्ड जोडून ठेवा, कारण ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो आणि तिथे उन्हात उभं राहून तो येईना की जीव जातो. बसने फिरायचं असलं तरी ग्रॅब हवंच, अडीअडचणीला. दुसरं, सिंगापूरमध्येच थोडे रिंगिट (मलेशियाचं चलन) घ्या आणि त्यातल्या एक रिंगिटच्या नोटा जास्त मागून घ्या. एक रिंगिट म्हणजे आपले साधारण वीसेक रुपये.

सुट्टे का, ते आम्ही चांगलंच शिकलो. बसला कंडक्टर नसतो, ड्रायव्हरशेजारी एक पारदर्शक डबा असतो, कुठे जायचं ते सांगायचं, तो आकडा सांगतो, तेवढे पैसे डब्यात टाकायचे, तो चिठ्ठीएवढं तिकीट देतो. उरलेले पैसे परत मिळत नाहीत. मी ऐटीत पन्नासची नोट काढली, ड्रायव्हरने नुसती मान हलवली आणि डब्याकडे बोट दाखवलं, मागे रांग तुंबलेली, आई म्हणतेय "उतर खाली, लोक बघतायत". शेवटी पुढच्या सीटवरच्या एका तमिळ मावशींनी पर्स उघडून नोट मोडून दिली, आणि वर आईला शेजारी बसवून घेऊन पूर्ण रस्ता गप्पा मारल्या, आई मराठीत, त्या तमिळमध्ये.

जहाज लागतं ते स्वेटनहॅम पिअरला. बाहेर आलात की समोरच पांढरा क्लॉक टॉवर दिसतो, साठ फूट उंच, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला साठ वर्षं झाली म्हणून वर्षाला एक फूट असा हिशोब. त्याच्यामागे कॉर्नवॉलिसचा किल्ला. किल्ला म्हणजे आपल्या राजगड-रायगडवाल्यांना कंपाउंड वॉलच वाटेल, तिकीट काढून आत जाऊ नका असं माझं मत. टॅक्सीवाल्यांना हसून नाही म्हणा आणि डावीकडे, समुद्राच्या कडेकडेने पेंगकालान वेल्ड रस्त्याने दहा मिनिटं चाला. तिथे जेट्टी बस टर्मिनल, रॅपिड पेनांगच्या, म्हणजे इथल्या सिटी बसेस इथून सुटतात.

इथून २०४ नंबर पकडायची. ही कोमटार (शहराच्या मधोमध असलेला उंच टॉवर, मोठा बस अड्डा) करत, आयेर इताम करत थेट पेनांग हिलच्या पायथ्याशी जाते. भाडं अंतरावर, पण दोन-तीन रिंगिटच्या वर जात नाही. तासभर धरून चाला, ट्रॅफिक असतो. एसी इतका कडक की बाहेर घामाघूम आणि आत शाल लागते, आई सोबत असेल तर खरंच शाल घ्या. स्टॉपची घोषणा होईलच असं नाही, गूगल मॅप उघडा ठेवा आणि आधीच बेल दाबा. मधल्या स्टॉपवरून चढायचं असेल तर हात दाखवा, नाहीतर बस निघून जाते, आपल्या लाल डब्यासारखंच.

हिलवर जायला १९२३ पासूनची फ्युनिक्युलर (दोराने चढावर ओढली जाणारी) रेल्वे आहे, डबे अर्थात नवे. परदेशी माणसाला जाऊन-येऊन ३० रिंगिटच्या आसपास, म्हणजे दिवसभराच्या बसभाड्यापेक्षा कितीतरी जास्त. वर गारवा आहे, खाली अख्खं जॉर्जटाऊन आणि पलीकडे मुख्य भूमीकडे जाणारा पूल दिसतो. पण शनिवार-रविवार किंवा शाळांच्या सुट्टीत रांग बघून तिथल्या तिथे निर्णय घ्या, रांग लांब असेल तर सोडून द्या, वाईट वाटून घेऊ नका. जहाज सहा तासच थांबणार असेल तर मी हिल सोडून सरळ आयेर इतामलाच उतरेन.

आयेर इतामला केक लोक सी हे मोठं बौद्ध मंदिर. बाजारापाशी उतरायचं आणि दुकानांच्या बोळातून पायऱ्या चढायच्या, मध्ये कासवांचं तळं लागतं. आवारात फुकट. पॅगोडाला किरकोळ तिकीट, तो नीट बघा, खालचा भाग चिनी, मधला थाई आणि वरचं टोक ब्रह्मदेशी पद्धतीचं. वर कुआन यिन या करुणेच्या देवीची तीस मीटर उंच काशाची मूर्ती, तिथवर जायला छोटी लिफ्ट आहे, गुडघेवाल्यांनी लाजू नये.

बाटू फेरिंगीचा बीचही १०१ नंबरने होतो, पण कोकण-गोवा बघितलेल्या माणसाने एवढ्यासाठी दोन तास बसमध्ये घालवू नयेत.

परतताना तीच २०४, कोमटारला उतरलात तर पुढे कॅट नावाची फुकट बस जुन्या शहरातून जेट्टीपर्यंत फिरते. फुकट म्हणजे खरंच फुकट, डबा नाही काही नाही. लिटल इंडियाजवळ उतरा, केळीच्या पानावर भात-सांबार-भाज्या मिळतात, शाकाहारी लोकांची चिंता मिटली. पण बाकी ठिकाणी नुसतं व्हेज म्हणून भागत नाही, सुक्या माशाचा मसाला कुठेही निघतो, विचारून खा. लेबू केंग क्वी गल्लीतला चेंडोल मात्र घ्याच, नारळाचं दूध, गूळ, बर्फ आणि हिरव्या शेवया, आपल्या फालुद्याचा लांबचा मावसभाऊ. इथून आर्मेनियन स्ट्रीटवरचं सायकलवालं भित्तिचित्र आणि च्यू जेट्टी ही पाण्यावरच्या घरांची वस्ती, दोन्ही चालत होतात.

आणि चढायच्या वेळेला अजून दोन तास असतील, तरच, बस टर्मिनललगतची फेरी पकडून समोर मुख्य भूमीवरच्या बटरवर्थला जाऊन या. काही रिंगिटचं काम, पंधरा-वीस मिनिटांत पलीकडे. डावीकडच्या बाजूला राहा, थोडं आत गेल्यावर तुमचं स्वतःचं जहाज अख्खं एका फोटोत मावतं, धक्क्यावरून कधीच मावत नाही.