इमर्जन्सीत नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरांनो, या चुका टाळा

सकाळी पाळीवर आले की मी रात्रीचे कागद चाळते, आणि नजर सगळ्यात आधी श्वासाच्या रकान्यावर जाते. १८, १८, २०, १८, १८. घोटा मुरगळलेल्या मुलाचा श्वास १८, दम्याच्या बाईंचा १८ आणि न्यूमोनियाने धापा टाकणाऱ्या आजोबांचाही १८. हे आकडे मोजलेले नसतात, भरलेले असतात. इमर्जन्सीत वर्ष-दोन वर्षं अनुभव घ्यायला येणारे तरुण डॉक्टर मी गेली चौदा वर्षं बघते आहे. मुलं हुशार असतात, कष्टाला मागे हटत नाहीत. तरीही चुका त्याच होतात, आणि प्रत्येक नव्या तुकडीला मी त्याच सांगते. म्हणून एकदा लिहूनच काढते.

श्वास न मोजता आकडा लिहिणं

माझ्या स्वतःच्या नोकरीतला तिसरा महिना. संध्याकाळच्या पाळीचा डॉक्टर जाता जाता सांगून गेला, "चार नंबरला एकोणीस वर्षांची मुलगी आहे, घरी भांडण झालंय. अँग्झायटी आहे, शांत झाली की सोडून दे." मी बघितलं. सॅच्युरेशन, म्हणजे बोटाला चिमटा लावून मोजलेला रक्तातला ऑक्सिजन, ९९, छाती दोन्हीकडून साफ, नाडी जलद. "हळू श्वास घे बाळा," म्हणाले, कागदावर १८ लिहिलं आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

तासाभराने आमच्या ज्येष्ठ सिस्टर आल्या. "मॅडम, ती मुलगी थकून गेलीय, पण श्वास काही कमी होत नाही. एकदा मोजता का?" घड्याळ समोर धरून मोजला. ३४. नुसता जलद नव्हता, खोल होता. प्रत्येक श्वासाला गळ्याजवळचा खळगा आत ओढला जात होता. ओठ कोरडे पडून पापुद्रे सुटलेले. उशाशी पाण्याची एक बाटली रिकामी, दुसरी अर्धी. हे सगळं तासभरापूर्वीही तिथेच होतं. सिस्टरांनी बोट टोचलं तर ग्लुकोमीटरवर आकडा आलाच नाही, नुसतं 'हाय' आलं, म्हणजे यंत्राला मोजता येणार नाही इतकी जास्त शुगर. रक्ताचा पीएच ६.९८, म्हणजे रक्तात आम्ल धोकादायक वाढलेलं. डायबेटिक किटोअॅसिडोसिस, इन्सुलिन कमी पडून रक्तात आम्ल साचण्याची जीवघेणी अवस्था. आपल्याला मधुमेह आहे हे तिला त्या रात्री पहिल्यांदा कळलं. चार दिवस आयसीयूत राहून ती घरी गेली, ती त्या सिस्टरांमुळे.

तिची फुप्फुसं ठणठणीत होती, म्हणून तर सॅच्युरेशन ९९ होतं. रक्तात आम्ल साचलं की शरीर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून तोल सावरायला बघतं, आणि त्यासाठी श्वास वाढवतं. बोटाला लावलेला तो चिमटा फक्त ऑक्सिजनबद्दल सांगतो. आम्लाबद्दल सांगत नाही, कार्बन डायऑक्साइडबद्दलही नाही. श्वास मात्र सेप्सिसमध्ये (जंतुसंसर्गाने अवयव बिघडू लागतात तेव्हा), रक्तस्रावात, फुप्फुसातल्या गुठळीत, किटोअॅसिडोसिसमध्ये, सगळीकडे लवकर बिघडतो. बीपी बरंच नंतर पडतं, तरुण पेशंटमध्ये तर अगदी शेवटी. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये आणलेला आणि २०१७ मध्ये सुधारलेला न्यूज स्कोअर बघा; श्वास, नाडी, बीपी वगैरेंना गुण देतात, गुण जितके जास्त तितका धोका जास्त. त्यात मिनिटाला १२ ते २० श्वासांना शून्य गुण आहेत, २१ ते २४ ला दोन, आणि २५ किंवा त्याहून जास्त असतील तर थेट तीन. एकाच रकान्यात तीन आले तरी डॉक्टरने तातडीने पेशंट बघायचा असतो. तुम्ही न मोजता १८ लिहिता तेव्हा ती धोक्याची घंटा स्वतःच्या हाताने बंद करता.

कागदी पिशवीत श्वास घ्यायला लावणं हा शॉर्टकट कुणी शिकवला असेल तर आजच सोडा. किटोअॅसिडोसिसच्या किंवा फुप्फुसात गुठळी झालेल्या पेशंटच्या तोंडाला पिशवी लावणं जिवावर बेतू शकतं. अँग्झायटी हे निदान सगळ्यात शेवटी करायचं असतं.

माझी सवय सांगते. मनगट हातात घेऊन मी नाडी मोजत असल्यासारखी उभी राहते आणि नजर छातीवर ठेवते. श्वास मोजतोय असं पेशंटला सांगितलं की त्याची लय बदलते. पूर्ण साठ सेकंद मोजते. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, कारण तिथे एका श्वासाची चूक चार श्वासांची होते. शिवाय त्या मिनिटात ओठ दिसतात, पाय दिसतात, पाण्याची बाटली दिसते, नातेवाइकांचा चेहरा दिसतो. गर्दीत एक मिनिट कुठून काढायचं, असं मुलं विचारतात. तेच मिनिट काढायला आपण तिथे उभे आहोत.

शुगर नंतर बघू

नंतर नाही. बरळणारा, झटका आलेला, शुद्ध हरपलेला, दारूचा वास येणारा, एका बाजूची ताकद गेलेला, कुणीही असो, आधी बोट टोचा. शुगर खूप उतरली की हुबेहूब अर्धांगवायूसारखं चित्र दिसू शकतं, आणि सीटी स्कॅनच्या रांगेत थांबलेल्या मेंदूला तेवढा वेळ नसतो. आणखी एक: ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइडसारख्या गोळ्यांमुळे शुगर उतरली असेल तर ग्लुकोज देऊन पेशंट टुणकन उठून बसला तरी घरी सोडायचं नाही. गोळीचा परिणाम टिकून असतो, मूत्रपिंडं कमजोर असतील तर फारच, आणि शुगर पुन्हा कोसळते. २४ तास तरी नजरेखाली ठेवा.

अॅनाफिलॅक्सिसमध्ये अॅड्रेनलिनला घाबरणं

अॅनाफिलॅक्सिस म्हणजे सगळ्या शरीरावर येणारी जीवघेणी अॅलर्जी. तिथे अॅड्रेनलिन टाळलेलं बघून जीव तुटतो. पेशंटचा आवाज घोगरा झालाय, अंगावर गांध्या आहेत, बीपी उतरतंय, आणि आपला डॉक्टर आधी हायड्रोकॉर्टिसोन (स्टेरॉइड) आणि अॅव्हिल (अॅलर्जीचं औषध) भरतोय. हायड्रोकॉर्टिसोनचा परिणाम दिसायला काही तास लागतात. पेशंटकडे तेवढे नसतात. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम अॅड्रेनलिन, म्हणजे एक मिलिलिटरला एक मिलिग्रॅमच्या अँप्यूलमधलं अर्धा मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. पाच मिनिटांत फरक नाही पडला तर पुन्हा. शिरेतून नाही. तसं देण्याची सवय असलेली माणसं वेगळी असतात, आणि त्यांच्या हाताखाली मॉनिटर लावलेला असतो. पेशंटला आडवं ठेवा, एकदम उठवून बसवू नका.

काही चुका एकेका ओळीच्या

पोटात दुखणाऱ्या, चक्कर येऊन पडलेल्या बाळंतपणाच्या वयातल्या प्रत्येक स्त्रीची प्रेग्नन्सी टेस्ट करा; "पाळी वेळेवर आली होती" या उत्तरावर गर्भाशयाबाहेर, नळीत रुजलेला गर्भ नजरेतून सुटून जातो.

छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी दहा मिनिटांत काढायचा हे सगळ्यांना पाठ असतं, पण पहिला नॉर्मल आला आणि दुखणं चालूच असेल तर पंधरा-वीस मिनिटांनी दुसरा काढायचा, हे विसरलं जातं.

छातीत दुखायला लागून तासच झाला असेल तर ट्रोपोनिन (हार्ट अटॅकची रक्ततपासणी) निगेटिव्ह आलं म्हणून घरी सोडू नका.

बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी मंदावणारं औषध, घेणाऱ्याची नाडी ८० आहे म्हणून रक्तस्राव नाही असं समजू नका.

पाळी बदलताना निदान हातात देऊ नका, प्रश्न द्या. "अँग्झायटी आहे" असं सांगण्यापेक्षा "श्वास का वाढलाय ते अजून कळलेलं नाही" असं मला त्या रात्री कुणी सांगितलं असतं, तर मी शोधत बसले असते.

सिनियरला फोन करताना सगळा इतिहास वाचून दाखवत बसू नका. पहिल्याच वाक्यात हवं ते मागा: "सर, पेशंट मला झेपत नाहीये, तुम्ही खाली या." रात्री तीनला अशा फोनवर चिडणारा सिनियर चूक आहे, तुम्ही नाही.

आणि श्वासनलिकेत ट्यूब टाकण्याची, म्हणजे इंट्युबेशनची, घाई. लॉगबुकात किती इंट्युबेशन झाली ते मोजणारी मुलं सक्शन चालतंय का ते बघत नाहीत, ऑक्सिजन नीट भरून घेत नाहीत, औषध दिल्यावर बीपी कोसळलं तर काय करायचं ते ठरवलेलं नसतं. मी अशांना आधी महिनाभर दुसऱ्याच्या इंट्युबेशनची तयारी करायला उभं करते. रागावतात. रागावू देत.

पेशंट नजरेआड झाला की विसरून जाणं

ही माझ्या लेखी सगळ्यात मोठी चूक, कारण बाकीच्या चुका हिच्यामुळे टिकून राहतात.

दुसऱ्या वर्षी माझ्याकडे ६६ वर्षांचे एक गृहस्थ आले. डाव्या कुशीत कळ, जांघेपर्यंत उतरणारी, लघवीत किंचित रक्त. मी मूतखडा म्हटलं. डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन दिलं, तासाभरात बरं वाटलं, जाताना त्यांनी हात जोडले. मला त्या दिवशी स्वतःचा अभिमान वाटला होता. पुढे आठ महिने मी तशाच आत्मविश्वासाने मूतखडे ओळखत राहिले. मग एका बैठकीत भूलतज्ज्ञ मॅडम सहज बोलता बोलता एका जुन्या केसबद्दल सांगायला लागल्या, आणि वय, बाजू, तारीख ऐकताना माझे हात गार पडले. ते गृहस्थ त्याच पहाटे परत आले होते, बीपी ७०. पोटातल्या महाधमनीचा फुगा फुटला होता. ऑपरेशन थिएटरच्या दारातच त्यांचा जीव गेला.

त्यांचा आजार मी ओळखू शकले नाही, ती एक चूक. पण आठ महिने मला ते माहीतच नव्हतं, याचा अर्थ त्या काळात बघितलेल्या प्रत्येक कुशीच्या कळेने मला चुकीचंच शिकवलं होतं. आता साठीनंतर कुणाला पहिल्यांदाच 'मूतखडा' झाला असं वाटलं, की मी आधी सोनोग्राफीचा प्रोब पोटावर ठेवते आणि महाधमनीची रुंदी मोजते. तीन सेंटिमीटर किंवा जास्त भरली की तो फुगा समजायचा. महाधमनी स्पष्ट दिसली नाही तर "फुगा नाही" असं लिहीत नाही, "दिसली नाही" असं लिहिते आणि सीटीसाठी फोन उचलते.

पाळी संपली की पेशंट एक तर वॉर्डात जातो, नाही तर घरी, आणि आपल्यापुरती गोष्ट अर्ध्यात तुटते. "मी वर्षात तीन हजार पेशंट बघितले," असं मुलं सांगतात. शेवट किती जणांचा बघितलास, असं विचारलं की गप्प होतात.

म्हणून वही ठेवा. प्रत्येक पाळीतले तीनच पेशंट निवडा: एक दाखल केलेला, एक घरी सोडलेला, आणि एक ज्याच्याबद्दल मनात किंतु राहिला तो. नाव लिहायचं नाही, ओळख पटेल असं काहीही नाही. पेशंटचा नंबर रुग्णालयाच्या सिस्टिममध्येच ठेवायचा आणि विभागप्रमुखांच्या परवानगीनेच उघडायचा. पाळी संपण्याआधी आपला अंदाज एका ओळीत लिहा आणि खात्री किती, दहापैकी, तो आकडा टाका. आठवड्याने वॉर्डात जाऊन शेवट बघा. अंदाज आधी लिहिणं सोडू नका. नंतर लिहिलं की प्रत्येकाला वाटतं, आपल्याला माहीतच होतं.

यासाठी वेळ कुठला, तर तो तुम्हाला दिलेला असतो. ब्रिटनमध्ये नवख्या डॉक्टरांच्या अशा नोकऱ्यांच्या जाहिरातीतच ८०:२० लिहिलेलं आढळतं: ऐंशी टक्के वेळ पेशंटचा, वीस टक्के शिकण्याचा, शिकवण्याचा किंवा एखाद्या प्रकल्पाचा. इतर ठिकाणीही कुठे आठवड्याला अर्धा दिवस, कुठे महिन्याला दोन दिवस मिळतात. मुलं तो वेळ तुंबलेल्या डिस्चार्ज समरी लिहिण्यात घालवतात, नाही तर रात्रपाळीची झोप भरून काढण्यात. झोप हवीच, पण ती रोस्टरमध्ये मागा, भांडून मागा. शिकण्याच्या वेळातून कापू नका. आणि हा वेळ पहिल्याच आठवड्यात तारीख-वार घालून रोस्टरवर लिहून घ्या. "बघू, जमेल तसं" म्हणाल तर तो गर्दीत वाहून जातो, आणि वर्षाच्या शेवटी हातात एक अर्धवट ऑडिट उरतं, तेही फक्त बायोडेटासाठी केलेलं.

मागच्या महिन्यात आमच्याकडची एक मुलगी वही घेऊन माझ्यासमोर बसली. बावीस पेशंट, त्यातले नऊ अंदाज चुकलेले. पहिल्यांदा तिचा चेहरा उतरला होता. मग आम्ही ती नऊ नावं नसलेली माणसं एकेक करून वाचली. नऊपैकी सहा सत्तरीच्या पुढची होती, आणि त्या सहाही जणांपुढे तिने "अशक्तपणा" एवढंच लिहून खात्रीचे आठ गुण टाकले होते. एकाला न्यूमोनिया होता, ताप नव्हता. एका आजींना हार्ट अटॅक होता, छातीत दुखलंच नव्हतं. तिने वही मिटली आणि पुढचे चार मोकळे अर्धे दिवस वृद्धांच्या वॉर्डात राउंडला उभं राहता येईल का, असं विचारलं. मी तिथल्या सरांना लगेच फोन लावला.