पंपाचं धुवण विहिरीवर नको : पावसाआधी जैविक खड्डा मुरवायला घाला

फवारणी संपली की पंप थेट विहिरीच्या काठावर नाहीतर बोअरपाशी धुतला जातो, कारण पाणी तिथं हाताशी असतं. टाकीच्या तळाशी उरलेलं औषध, नोझलच्या जाळीतला गाळ, मोजमापाच्या झाकणातून सांडलेले थेंब, सगळं त्याच हातभर जागेत मुरत राहतं. शेतात हेच औषध विरळ पसरतं आणि मातीतले जिवाणू ते हळूहळू फोडतात. इथं ते इतकं दाट साचतं की जिवाणूंचंच काही चालत नाही. त्या जागी गवतसुद्धा नीट धरत नाही, नजर टाकली की कळतं. पहिला जोराचा पाऊस ते विहिरीच्या पाण्यात उतरवतो. त्या पाण्यात 2,4-डीसारख्या तणनाशकाचं धुवण असेल तर रुंद पानांची रोपं पिरगळतात, पानं वळतात, आणि दोष बियाण्याला दिला जातो.

यावर साधा उपाय 1993 पासून स्वीडनमध्ये वापरात आहे : काड, माती आणि कुजलेलं खत यांचा जैविक खड्डा, ज्यात पंपाचं धुवण ओतायचं. खड्डा मुरायला 4 ते 8 आठवडे लागतात, त्यामुळे पाऊस तोंडावर आल्यावर सुरुवात करून भागणार नाही. काम याच आठवड्यात काढा.

खड्डा :
- जागा विहीर, बोअर, ओढ्यापासून किमान 30 मीटर लांब, उताराच्या खालच्या अंगाला
- लांबी 2 मीटर, रुंदी 1 मीटर, खोली 75 सेंमी
- तळाला 10 सेंमी चिकणमाती, ठोकून. जमीन रेताड किंवा जमिनीतलं पाणी वर असेल तर जाड प्लास्टिकही
- मिश्रणाचा थर 60 सेंमी
- वर हरळीची ढेकळं, त्यावर पावसाचं छप्पर

मिश्रण आकारमानाने : काड 2 भाग, माती 1, कुजलेलं खत किंवा काथ्याचा भुसा 1. या खड्ड्याला 15 लिटरच्या बादलीने 40, 20 आणि 20 बादल्या लागतात. मिश्रण खाली बसतं, म्हणून थोडं जास्तच करा.

खरी मेख काडात आहे. त्यातलं लिग्निन (काडाला कडकपणा देणारा चिवट भाग) फोडणारी पांढरी बुरशी जी विकरं सोडते, ती फारशी निवडक नसतात. लिग्निनबरोबर कीटकनाशकाचे रेणूही तोडतात. ही बुरशी नत्र कमी असताना जास्त काम करते. म्हणून ताजं शेण, गोमूत्र, युरिया अजिबात घालू नका. 'औषध पचवणारं कल्चर' म्हणून गळ्यात मारल्या जाणाऱ्या महागड्या बाटलीचीही गरज नाही. बरीच वर्षं फवारणी झालेल्या तुमच्याच वावराची वरची 10-15 सेंमी माती घ्या. त्या औषधांना सरावलेले जिवाणू तिच्यात आधीच असतात. पंप धुण्याच्या जागेची माती मात्र नको.

ओल मुठीत पाहा : गोळा व्हावा, पाणी निथळू नये. कोरड पडली तर तळाची चिकणमाती तडकते आणि धुवण फटीतून सरळ खाली जातं. चिखल झाला तर हवा कोंडून बुरशी मरते. पहिल्या पावसाचा वास आला तर खड्डा चालू आहे, आंबूस कुजका आला तर काड मिसळून उलथा. एका वेळी एक बादलीभर धुवण पुरे, असा आमचा अंदाज.

गवत जादा पाणी हवेत उडवतं, म्हणून ते जिवंत हवं. उताराच्या बाजूला वाळ्याची ओळ लावा, मुळं खोल जातात. हे कापलेलं गवत जनावरांना घालू नका.

खड्ड्यात हे नको :
- पाणी न मिसळलेलं किंवा मुदत संपलेलं औषध
- रिकामे डबे (तीनदा विसळा, ते पाणी फवारणीच्या टाकीतच घाला)
- बोर्डो मिश्रण, कॉपर ऑक्सिक्लोराईड : तांबं धातू आहे, कोणताही जिवाणू ते फोडत नाही, नुसतं साचतं

दरवर्षी खचलेली जागा नव्या मिश्रणाने भरा. 5 ते 8 वर्षांनी सगळं बाहेर काढून वर्षभर झाकून ढीग लावा, मगच बांधाकडेला पातळ पसरा.

खड्डा मुरायच्या आत फवारणी करावीच लागली तर धुण्याचं पाणी कॅनमधून वावरात न्या, पंप तिथंच विसळा आणि ते धुवण त्याच पिकावर फवारून संपवा. विहिरीकडे पंप नेऊच नका.